डाव्या कानाचं दुखणं

सलग तिसऱ्या सकाळी शीतगृहाचं दार उघडलं, तर आतली खोकी पुन्हा तोंड वासून बसलेली. आदल्या दिवशी नीट बंद करून रचलेली खोकी होती ती, प्रत्येकात आइस्क्रीमचे चोवीस कप. आता वरच्या रांगेतल्या खोक्यांची झाकणं उभी राहिली होती. दोन-तीन खोकी कलंडून कप फरशीवर घरंगळले होते, आणि शीतगृहातला माणूस जाड कोट घालून त्यांच्यामागे धावत होता.

नेमक्या त्याच सकाळी डिंकाताई रजेवरून परत आली.

डिंकाताई हे नाव तिला कारखान्यानं दिलेलं. खोकी चिकटवणारी सगळी यंत्रं तिच्या ताब्यात होती. ती स्वच्छ करायची, त्यांच्या गाळण्या बदलायच्या, कुठे काय अडकलं ते शोधायचं, हे तिचं काम. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी पाच दिवस ती कामावर नव्हती. भाचीचे फोटो दाखवायचे म्हणून ती फोन हातात धरूनच फाटकातून आत शिरली, पण फोटो बघायला कुणाला वेळच नव्हता.

"आलीस बाई एकदाची!" लाइनवर खोकी लावणारी मावशी धावतच आली. ती वयानं मोठी, सगळ्यांचीच मावशी. "अगं, तुझ्या यंत्राला काहीतरी झालंय. तीन दिवस खोकी उघडताहेत. बाहेर ऊन कसलं पडलंय बघतेस ना? दुकानदार आइस्क्रीमसाठी फोनवर फोन करताहेत आणि इथं आमचं हे असं!"

"असं कसं झालं? मी जाताना तर छान चाललं होतं."

"आता तू बघ आणि तूच सांग."

डिंकाताई कपडे बदलून, केस टोपीत कोंबून तशीच तीन नंबरच्या लाइनकडे गेली. दहा पावलांवरच तिला वास आला. दूध उतू जाऊन शेगडीवर जळावं, तसा. तिनं पाऊल उचललं ते थेट टाकीपाशीच ठेवलं.

यंत्र तसं साधं. एका टाकीत डिंकाचे पिवळसर दाणे टाकायचे, ते उष्णतेनं वितळून मधासारखे होतात. पंप तो पातळ डिंक दोन गरम नळ्यांमधून पुढे ढकलतो, आणि नळ्यांच्या टोकाला असलेल्या दोन गन, एक डावी आणि एक उजवी, खोक्यावर बारीक रेघा ओढतात. झाकणाच्या ज्या पट्ट्या मिटतात, त्यांना लाइनवर सगळे कान म्हणत. डाव्या कानावर एक रेघ, उजव्या कानावर एक. खोकं दीड हात पुढे सरकतं, कान मिटतात, वरून दाब बसतो आणि खोकं बंद. मिनिटाला चाळीस खोकी. चालू असलं की बघत राहावंसं वाटायचं.

टाकीवरचा तापमानाचा आकडा एकशे पंच्याण्णव दाखवत होता.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं. "एकशे पासष्टवर असायला हवं हे!"

"मी केलं," मागून आवाज आला. ते शिफ्टचे सुपरवायझर. त्यांना माघारी सगळे घाईसाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'घाई करा'नं सुरू होई किंवा संपे. "पहिल्याच दिवशी खोकी उघडली, म्हणून वाढवलं. गरम डिंक जास्त चिकटतो, साधं गणित आहे ताई. काल थोडं आणखी वाढवलं."

"आणि त्यानं खोकी बंद राहिली?"

घाईसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

डिंकाताईनं हातमोजे चढवले, कोपरापर्यंत येणारे, आणि टाकीचं झाकण हळूच उचललं. आतला डिंक मधासारखा राहिला नव्हता. तो गडद तपकिरी झाला होता, त्याच्यावर साय धरली होती, आणि कडेनं काळा थर. कढईच्या तळाला खरवड लागावी तसा.

"साहेब, हा डिंक करपलाय," ती म्हणाली. "करपलेला डिंक चिकटत नाही. थंडीत गेला की काचेसारखा तडकतो. वर या खरवडीचे तुकडे सुटून पुढं नळ्यांत जाऊन बसतात ते वेगळंच."

"डिंकाच्या कंपनीचा माणूस तर म्हणाला पुठ्ठा खराब आहे."

"तो इथं आला होता?"

"फोनवर म्हणाला."

"आणि पुठ्ठेवाला काय म्हणतो?"

"तो म्हणतो डिंक खराब आहे."

मावशी खुदकन हसली. "उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय नुसतं!"

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे कारखान्याच्या मॅनेजर. सहसा त्या वरच्या मजल्यावर असत. त्या स्वतः खाली आल्या म्हणजे पाणी गळ्याशी आलं असं समजायचं. त्यांनी सरळ डिंकाताईलाच विचारलं, "ताई, आज चार वाजता तीन गार गाड्या भरून जायच्या आहेत. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी सगळ्या हॉलमधली माणसं गोळा करून चिकटपट्टीनं खोकी बंद करायला बसवते. अर्धाच माल जाईल, पण जाईल तरी."

घाईसाहेब म्हणाले, "बाई, लाइन चालूच ठेवू. चालू ठेवून ठेवून सुटेल काहीतरी."

परीक्षेत सगळ्यात अवघड प्रश्न समोर यावा आणि तो आपल्याला येत असावा, तसं डिंकाताईला आतून उसळून आलं होतं.

"मला साडेअकरापर्यंत लाइन बंद करून द्या," ती म्हणाली. "टाकी पूर्ण रिकामी करते, साफ करते, गाळणी बदलते, नवा डिंक भरते."

"तीन तास बंद?" घाईसाहेबांचा आवाज चढला.

"तीन दिवस खोकी वायाच जाताहेत साहेब. त्यात आणखी तीन तास."

मोठ्या बाईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं. "दिले," त्या म्हणाल्या.

कामाला सुरुवात झाली. आधी तिनं पंप बंद करून नळ्यांमधला दाब सोडला. त्यात ती कधीच घाई करत नसे. दाब असताना गन उघडली तर उकळता डिंक अंगावर उडतो, आणि तो उडाला की कातडीसकटच निघतो. मग तोंडावर पारदर्शक ढाल ओढून टाकीचा खालचा नळ उघडला. काळपट डिंक पत्र्याच्या बादलीत पडायला लागला, जाड, दोरीसारखा, वेटोळी घालत.

हे सगळं तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे याच कारखान्यात तीस वर्षं याच यंत्रांवर होते. त्यांच्या मुलाला, म्हणजे डिंकाताईच्या नवऱ्याला, यंत्रांची मुळीच आवड नव्हती. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि घरात मिक्सरचं बटणसुद्धा लांबून, हात ताठ करून दाबायचा. तेव्हा सासऱ्यांनी सुनेला विचारलं, "पोरी, शिकशील का?" तिनं हो म्हटलं. नातेवाइकांनी पुष्कळ नाकं मुरडली, पण सासऱ्यांनी जे एकदा ठरवलं ते ठरवलं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि यंत्रं तिच्याकडे आली.

टाकी रिकामी झाल्यावर ती आत वाकली. लाकडी खरवडणीनं तिनं काळा थर काढायला घेतला. धातूची पट्टी कधी लावायची नाही, आतला गुळगुळीत लेप निघाला तर डिंक आणखी लवकर करपतो. थर ऊबदार होता तोवर सोलून निघत होता. मोठे मोठे तुकडे हातात येत, मग ती जुन्या पातेल्यात टाकी.

"बापरे, एवढं?" मावशी डोकावून म्हणाली.

"आणि हे बघ." डिंकाताईनं गाळणी बाहेर काढली. जाळी दिसतच नव्हती, नुसता काळा गोळा. "ही अशी असताना डिंक पुढे गेलाच कसा, याचंच नवल आहे."

गनच्या टोकाची बारीक भोकंही तिनं एकेक करून उघडली, आतून बाहेर साफ केली, डोळ्यासमोर धरून दिव्याकडे पाहिलं. उजेडाचा ठिपका गोल आणि स्वच्छ दिसला की पुढची.

साधारण अकरा वाजता फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. "ताई, तुमचे सासरे आलेत. आत सोडू का? म्हणतात, सहज इकडून चाललो होतो."

"सहज? घर तर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे!"

"ते मला माहीत आहे, ताई. पण माझ्या खुर्चीत बसलेत ते. उठतच नाहीत."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली. सासरे डोक्यावर पाहुण्यांची पांढरी टोपी घालून, हात पाठीशी बांधून आत आले. जुन्या माणसांनी गलका केला. ते सगळ्यांना हात करत थेट टाकीपाशी आले.

"मावशीनं फोन केला होता," ते हळूच म्हणाले. "मला राहवेना."

"बाबा, तुम्ही हात लावायचा नाही हं. पाहुणे आहात."

"नाही लावत. नुसता बघतो." आणि लगेच वाकून त्यांनी टाकीच्या आत बोट फिरवायचा प्रयत्न केला. तिनं त्यांचा हात धरून मागे घेतला. शेजारी उभी असलेली माणसं हसली.

साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना नवा डिंक वितळून तयार झाला. सोनेरी, नितळ, खालचा तळ दिसेल असा. आकडा एकशे पासष्टवर स्थिर झाला. तिनं दोन्ही गनमधून आधी थोडा डिंक पुठ्ठ्यावर सोडला. दोन रेघा सरळ, सारख्या जाडीच्या आल्या.

"चालू करा!"

पट्टा हलला. पहिलं खोकं आलं, दुसरं आलं, दहावं आलं. तिनं दहावं खोकं उचललं, अर्धा मिनिट थांबून झाकण दोन्ही हातांनी उपसलं. झाकण काही सुटेना. आणखी जोर लावला तेव्हा पुठ्ठ्याचाच वरचा थर फाटून डिंकाबरोबर आला.

"कागद फाटला!" मावशी ओरडली. "डिंक नाही सुटला, कागद फाटला!"

हेच हवं होतं. डिंक चांगला धरला असेल तर पुठ्ठा फाटतो, जोड नाही. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. घाईसाहेबांनी स्वतः एक खोकं घेऊन उपसून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. सासरे नुसते मान डोलवत होते, पण त्यांची छाती शर्टाच्या गुंड्या तुटतील एवढी फुगली होती.

अर्धा तास लाइन धडधडत राहिली. जवळजवळ बाराशे खोकी झाली.

आणि बारा वाजून दहा मिनिटांनी मावशीच्या समोरच एक खोकं मधेच उघडलं.

मग आणखी एक. मग लागोपाठ चार.

लाइन थांबली. वरून पंख्याचा घूं आवाज येत होता.

"मी म्हटलंच होतं," घाईसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती निराशा होती. "बाई, माणसं बोलवा. चिकटपट्टी काढा."

सासरे पुढे झाले. "डावी नळी बदल, पोरी. नळी आतून बसली असणार. मी सांगतो तुला, माझ्या वेळी एकदा असंच झालं होतं."

डिंकाताईनं उघडलेली सहाही खोकी टेबलावर ओळीनं मांडली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सकाळपासून जे चिखलासारखं गढूळ होतं, ते आता निवळायला लागलं होतं.

"सगळ्यांनी इकडे या," ती म्हणाली. "कोणता कान सुटलाय ते सांगा."

मावशीनं एकेक खोकं फिरवून पाहिलं. "डावा. हाही डावा. डावा, डावा... सगळ्यांचा डावाच!"

"आणि उजवा?"

"उजवा पक्का आहे. हलत नाही."

"सकाळपर्यंत दोन्ही सुटत होते, कारण डिंकच करपला होता," डिंकाताई भराभर बोलायला लागली. "ते आता नीट झालं. आता उरलंय ते खरं दुखणं. पहिल्या दिवशीचं. ज्याच्यासाठी साहेबांनी तापमान वाढवलं ते. मावशी, आठवून सांग, पहिल्या दिवशी खोकी केव्हा सुटायला लागली? सकाळी?"

मावशीनं डोळे बारीक केले. "नाही गं. सकाळी सगळं ठीक होतं. जेवायला जायच्या जरा आधी सुरू झालं. मला आठवतंय, कारण मी म्हटलं होतं, आता निवांत जेवणही नशिबात नाही."

"म्हणजे बाराच्या सुमाराला. आजही बाराच वाजले होते. बाबा, नळी बसलेली असती तर ती सकाळीही बसलेलीच असती ना?"

सासऱ्यांनी मान हलवली. "हो. तेही खरं."

"मग बारा वाजता असं होतं काय?"

डिंकाताई डाव्या गनजवळ जाऊन खाली बसली. "साहेब, एकच खोकं हळू सोडा." खोकं आलं, गननं रेघ ओढली, आणि रेघेच्या शेवटी डिंकाचा एक केसाएवढा बारीक तंतू निघाला. असा तंतू थोडाफार निघतोच, तो सरळ खाली पडतो. पण हा तंतू खाली पडला नाही. तो आडवा झाला आणि हवेत उजवीकडे लहरत गेला.

डिंकाताईचे डोळे चमकले. "कुणाकडे पातळ कागद आहे का? रुमाल, काहीही!"

मावशीनं खिशातला कागदी रुमाल दिला. डिंकाताईनं त्याची एक पट्टी फाडून डाव्या गनपाशी धरली. पट्टी फडफडायला लागली. तीच पट्टी उजव्या गनपाशी धरली, तर यंत्राच्या पत्र्याच्या आड ती मुकाट लोंबत राहिली.

सगळ्यांच्या माना एकदमच वर गेल्या. छताखाली, डाव्या बाजूच्या भिंतीवर, नवाकोरा मोठा कूलर घूं घूं करत होता.

"हा कधी बसवला?" डिंकाताईनं विचारलं.

"तू रजेवर होतीस तेव्हा, तीन दिवसांपूर्वी," मावशी हळू आवाजात म्हणाली. "उकाड्यानं जीव जात होता गं. आम्हीच मागितला होता."

"आणि लावतात किती वाजता?"

"बारा वाजता," घाईसाहेब म्हणाले, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "मीच सांगितलंय. रोज बारा वाजता लावा म्हणून."

"डाव्या कानावरची रेघ दीड हात उघडी जाते," डिंकाताई म्हणाली. "तेवढ्यात हा वारा तिच्यावर साय धरवतो. वरून दाब बसतो तेव्हा डिंक अर्धा थिजलेला असतो. चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसं झालं आपलं. डिंकाला दोष दिला, पुठ्ठ्याला दिला, तापमान वाढवून टाकी जाळली, आणि कुणी वर बघितलंच नाही!"

सासऱ्यांनी खदखदून हसून स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. "तीस वर्षं! तीस वर्षं मी टाकीत वाकून बघत राहिलो. मान वर करायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नसतं!"

घाईसाहेब लगबगीनं बटणाकडे निघाले. "कूलर बंद करतो. घाई करा, लाइन सुरू करा."

"नको!" तीन-चार बायका एकदम म्हणाल्या. मावशीनं डिंकाताईचा दंड धरला. "अगं, या उकाड्यात बंद केलास तर दुपारी आमच्यातली एखादी चक्कर येऊन पडेल. खोकी वाचतील, माणसं जातील."

डिंकाताईनं कूलरकडे पाहिलं, गनकडे पाहिलं. उजवी गन पत्र्याच्या आड होती म्हणून वाचली. मग डावीलाही आड हवा. एवढंच!

"पुठ्ठा द्या. मोठा. आणि कात्री."

दहा मिनिटं नुसती झटापट. तिनं एक रिकामं खोकं उलगडून सपाट केलं, गनपासून दाब बसतो तिथपर्यंतची लांबी वितीनं मोजली आणि कापलं. मावशीनं कडा दुमडल्या, घाईसाहेबांनी चक्क गुडघे टेकून पुठ्ठ्याची खालची कड धरली, सासऱ्यांनी पाहुण्याचं नातं विसरून पक्कड हातात घेतली आणि तारेनं पुठ्ठा यंत्राच्या खांबाला बांधून टाकला. पट्ट्याला लागणार नाही, गनच्या उष्णतेपासून दूर राहील, एवढं अंतर तिनं स्वतः बोटांनी तपासून घेतलं. उभी राहिली ती एक वाकडी-तिकडी भिंत, गुडघ्याएवढी उंच, तिच्यावर आइस्क्रीमच्या कपाचं चित्र उलटं छापलेलं.

रुमालाची पट्टी पुन्हा डाव्या गनपाशी धरली. हलली नाही.

"चालू!"

कूलर चालू, लाइन चालू. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे श्वास रोखून बघत होते. दहावं खोकं उपसलं, कागद फाटला. पन्नासावं उपसलं, कागद फाटला. शंभरावं घाईसाहेबांनी उपसलं आणि त्यांच्या हातात पुठ्ठ्याची लक्तरं आली.

"शीतगृहात टाका वीस," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणालाच कळलं नव्हतं. "तासभर. मग बघू."

तो तास कसा गेला ते डिंकाताईला पुढे कधी सांगता आलं नाही. ती लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. सासरे तिच्या मागे, तिच्याच पावलावर पाऊल टाकून. शेवटी मावशीनं दोघांना ओरडून बाकावर बसवलं आणि डबा पुढे केला. दोघांनी काय खाल्लं ते दोघांनाही समजलं नाही.

बरोबर दोन वाजून पाच मिनिटांनी शीतगृहाचं दार उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली, आणि वाफेमागून जाड कोटातला माणूस गाडी ढकलत आला. वीस खोकी. एकाचंही झाकण हललेलं नव्हतं.

डिंकाताईनं पहिलं खोकं कमरेएवढं उचललं आणि सोडून दिलं. धप्प. कोपरा चेपला, पण झाकण जागच्या जागी. दुसरं टाकलं. तिसरं मावशीनं टाकलं. चौथं टाकायला घाईसाहेब पुढे आले, तेव्हा मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "पुरे, पुरे! आत आइस्क्रीम आहे, दगड नाहीत!"

मग मात्र हॉलनं दम धरला नाही. कुणी टोप्या उडवल्या, कुणी पत्र्यावर चमचे बडवले. मावशीनं डिंकाताईला अशी मिठी मारली की तिच्या डोक्यावरची टोपी वाकडी झाली. घाईसाहेब जवळ आले, घसा खाकरला. "ताई, यापुढे त्या आकड्याला मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "लेखी देऊ का?"

"लेखी नको, साहेब. काही वाटलं तर फोन करा. रजेवर असले तरी."

पावणेचारला तिन्ही गाड्या भरून झाल्या. पुठ्ठ्याच्या भिंतीच्या जागी उद्या पत्र्याची बसवायची, असं कारखान्याच्या पत्रेवाल्याशी बोलून डिंकाताई हात धुवायला निघाली, तोच मोठ्या बाईंनी तिला थांबवलं.

"ताई, आपल्या दुसऱ्या कारखान्यात महिनाभर असंच काहीतरी चाललंय. गनची भोकं दर दोन तासांनी बंद होतात म्हणे. तिथली माणसं थकली. तुम्ही जाल का? उद्याच? आठ दिवसांसाठी."

"जाईन," डिंकाताई म्हणाली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तो कारखाना कुठे आहे, तिथं जायला किती वेळ लागतो, यातलं आपण काहीच विचारलेलं नाही.

घरी एकच धांदल उडाली. नवऱ्याला आधी खरंच वाटेना.

"एकटी? आठ दिवस? सगळं तूच बघणार?"

"तिथं एक फिटर आहे मदतीला. पण हो, बघणार मीच."

"आणि घरात मिक्सर बिघडला तर?"

"तुम्ही बटण दाबलंत तर बिघडेल ना! तुम्ही दाबूच नका."

तो हसला, आणि तिची पिशवी भरायला लागला. सासरे दुसऱ्या बाजूनं भरत होते. नवरा शाल घालायचा, सासरे ती काढून तिथं नटबोल्टचे पाने ठेवायचे. नवरा औषधं ठेवायचा, सासरे त्यांच्यावर हातमोजे दाबायचे. "अहो बाबा, तिथं पाने असतीलच की!" नवरा म्हणाला. "दुसऱ्याचा पाना म्हणजे दुसऱ्याचा चष्मा," सासरे म्हणाले. "तू चष्म्याच्या दुकानात आहेस, तुला तरी कळायला हवं." नवऱ्यानं शाल बाजूला ठेवून पाने राहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या बसला तिघं मिळून गेली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुटता सुटता सासरे खालून ओरडून काहीतरी सांगत होते, आवाज ऐकू येत नव्हता, फक्त हात दिसत होते, आणि ते हात टाकीच्या आकाराचे वाटोळे होत होते. तिनं जोरजोरात मान हलवली.

तासाभरानं फोन वाजला. पलीकडे दुसऱ्या कारखान्यातला फिटर होता, अनोळखी, दमलेल्या आवाजाचा. "ताई, तुम्ही येताय असं कळलं. तोवर आम्ही यंत्राचे फोटो पाठवलेत. जरा बघता का?"

तिनं फोटो उघडले. पहिला गनचा. दुसरा नळ्यांचा. तिसरा फोटो टाकीचा होता, आणि शेजारी पुठ्ठा कापायचं यंत्र दिसत होतं, भुशानं माखलेलं. डिंकाताईनं फोटो बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा. तिची पाठ ताठ झाली.

"अहो दादा," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले, "त्या टाकीचं झाकण कुठंय?"

"झाकण? ते... दाणे टाकताना सारखं काढावं लागतं, म्हणून आम्ही ते काढूनच ठेवलंय."

"किती दिवस झाले?"

"झाला असेल की महिना."

"पुठ्ठ्याचा सगळा भुसा त्या डिंकात पडतोय, दादा! भोकं बंद होणार नाहीत तर काय होईल? आधी झाकण शोधा. मी पोचेपर्यंत ते टाकीवर असू दे. आणि गाळणी उघडून ठेवा, पण दाब सोडल्याशिवाय कशाला हात लावू नका. ऐकताय ना?"

"ऐकतोय, ताई," फिटर म्हणाला. त्याचा आवाज आता मुळीच दमलेला वाटत नव्हता. मागे कुणाला तरी तो हाका मारत पळत असल्याचं तिला ऐकू आलं. डिंकाताईनं पिशवीतून वही काढली, पेन दातांत धरलं, आणि ड्रायव्हरला विचारलं, "अजून किती वेळ लागेल हो?"